‘नको’चं कार्ड

माझ्या लेकीनं मला पहिल्यांदा जे स्पष्ट सांगितलं, ते एका कार्डावर लिहिलेलं होतं. तळहातात मावेल एवढा जाड कागद, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला, मागे वेल्क्रोचा तुकडा. दर्शनी बाजूला समोर धरलेल्या पंजाचं चित्र आणि खाली एकच शब्द, ‘नको’. तेव्हा ती चार वर्षांची होती. ऑटिझमचं निदान होऊन वर्ष उलटलं होतं आणि त्या वर्षात तिला बरंच काही शिकवून झालं होतं. नाक दाखव म्हटलं की ती नाकाला बोट लावायची. लाल ठोकळा लाल डब्यात टाकायची. समोरच्यानं टाळी वाजवली की टाळी वाजवायची. पण एखादी गोष्ट आपल्याला नको आहे हे सांगायचं कसं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकवायला हवं, हे मलाही सुचलं नव्हतं.

सुरुवात नखांपासून झाली. नेलकटर दिसला की ती स्वतःच्या मनगटाला चावायची. थोडंथोडकं नाही, दातांचे वळ दोन-दोन दिवस राहायचे. आम्ही ती झोपल्यावर टॉर्चच्या उजेडात एका वेळी दोन बोटं उरकायचो. कधी मधेच जाग यायची आणि मग उरलेली रात्र कुणालाच झोप नसायची. बोटांच्या टोकाला स्पर्श फार तीव्र जाणवतो, त्यात तो ‘टक’ आवाज कानाशी. तिच्यासाठी हे दोन्ही मिळून काय होत असेल, याची कल्पना मला पुष्कळ नंतर आली. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की पाच मिनिटांच्या कामासाठी माझं मूल स्वतःला इजा करून घेतंय.

नव्यानं भेटलेल्या थेरपिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी लेकीला काहीच शिकवलं नाही. जमिनीवर तिच्यापासून हातभर अंतरावर बसून त्या तिचा भोवरा फिरताना बघत राहिल्या. जाताना मला एक वही दिली. पानावर तीन रकाने आखायचे: आधी काय झालं, तिनं काय केलं, नंतर काय झालं. वर्तनोपचाराचा पाया म्हणजे हे तीन रकाने, हे मी पुढे वाचलं. पण वाचणं वेगळं आणि दोन आठवडे रोज रात्री ते भरणं वेगळं.

माझा मधला रकाना भरगच्च असायचा. किंचाळली, चावली, जमिनीवर डोकं आपटलं, किती मिनिटं, किती वेळा. पहिल्या रकान्यात मात्र बऱ्याचदा ‘काहीच नाही’ असं लिहिलेलं असायचं. ताईंनी ती पानं वाचली आणि म्हणाल्या, “काहीच नाही असं कधी नसतं. तुम्ही त्या वेळी कुठे होतात ते लिहा. हातात काय होतं, काय बोललात, आवाज कसले होते, दिवा लागला की बंद झाला.” मी तसं लिहायला लागले आणि आठवडाभरात त्या वहीचं रूप पालटलं. पहिल्या रकान्यात मी होते. खेळणं उचलून घेणारी मी, न सांगता मागून येऊन केसांतून कंगवा फिरवणारी मी, घाईघाईनं बूट चढवणारी मी. तिसऱ्या रकान्यातही मीच होते. ती चावली की थांबणारी, सोडून देणारी, जवळ घेणारी. वही तिच्या वागण्याची म्हणून सुरू केली होती, पण त्यात अर्ध्याहून जास्त माझं वागणं नोंदलेलं होतं.

“ती चावते कारण चावणं चालतं,” ताई म्हणाल्या. “चावलं की नेलकटर जातो. तिच्याकडे दुसरा कुठलाही मार्ग नाही जो इतका लवकर आणि इतका नक्की काम करेल. आपण चावणं थांबवायच्या मागे लागायला नको. तेच काम करणारी सोपी गोष्ट तिला द्यायची.”

ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती, तसं त्यांनीच सांगितलं. 1985 साली एडवर्ड कार आणि मार्क डुरांड या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी चार मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं होतं. एखादं मूल कामात अडकलं की आक्रमक व्हायचं, एखादं कुणी लक्ष देत नाही म्हणून. ज्याला काम जड जात होतं त्याला ‘मला कळत नाही’ म्हणायला शिकवलं, ज्याला लक्ष हवं होतं त्याला ‘मी नीट करतोय ना?’ असं विचारायला शिकवलं. मारणं-ओरबाडणं झपाट्यानं कमी झालं. यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग पुढेच आहे. वाक्यांची अदलाबदल केली, म्हणजे ज्याला मदत हवी त्याला लक्ष मागायचं वाक्य दिलं, तर काहीच फरक पडला नाही. मुलाला नुसते शब्द देऊन भागत नाही. त्याला जे म्हणायचंय तेच म्हणणारे शब्द द्यावे लागतात, आणि त्यासाठी आधी त्याला काय म्हणायचंय ते शोधावं लागतं.

कार्ड शिकवायला दोन माणसं लागली. ताई समोरून नेलकटर घेऊन यायच्या, तोही लांबून, ती अस्वस्थ होण्याच्या बरंच आधी थांबून. मी तिच्या पाठीमागे बसून एक शब्दही न बोलता तिचा हात कार्डापर्यंत न्यायचा आणि कार्ड ताईंच्या हातात ठेवायला लावायचं. कार्ड मिळताक्षणी ताई म्हणायच्या, “नको. बरं,” आणि नेलकटर पाठीमागे लपवायच्या. दोन सेकंदांचासुद्धा उशीर नाही. “एकदाच हो, जरा सहन कर ना, असलं काहीही म्हणायचं नाही,” हे त्यांनी मला आधीच बजावलं होतं. पहिले चार दिवस तिचा हात माझ्या हातात मऊ, निर्जीव असायचा. पाचव्या दिवशी मी हात पुढे करायच्या आत तिचा हात गेला.

तिनं कार्ड ताईंच्या हातात ठेवलं. नेलकटर गेला. तिनं ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या रिकाम्या हाताकडे. मग कार्ड परत घेतलं आणि पुन्हा दिलं, जायला काहीच उरलेलं नसताना. एवढ्याशा तुकड्यानं जग मागे सरकतं का, हे ती तपासून बघत होती.

त्यानंतरचे तीन आठवडे फार अवघड गेले. तिनं ते कार्ड सगळ्याला दिलं. आंघोळीला, बुटांना, झोपायला, दाराच्या घंटेला. दादाला दिलं, आजीला दिलं. एका संध्याकाळी मी कामावरून आले, तिला कवेत घ्यायला वाकले, आणि तिनं ते माझ्या हातात ठेवलं.

मी मागे सरकले. आत काहीतरी तुटल्यासारखं झालं, ते लपवून काय करू. चार वर्षं मी या मुलीनं मला काहीतरी सांगावं म्हणून वाट पाहिली होती. पण ताईंचं बजावणं पाठ होतं. “नको. बरं,” म्हटलं आणि भिंतीला टेकून बसले. बऱ्याच वेळानं ती उठली, भोवरा घेऊन माझ्याजवळ आली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि पाठ हळूहळू माझ्या खांद्याला टेकवली. समोरून येणारी मिठी तिला नको होती. बाजूनं टेकणं चालत होतं. हे मला त्या कार्डाशिवाय कळलंच नसतं. मी आजही तिला समोरून मिठी मारत नाही.

त्या दिवसांत ‘नको’ या शब्दाबद्दल मी खूप विचार केला. आपल्या भाषेत ‘नाही’ आणि ‘नको’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘नाही’ जगाबद्दल असतं: पाणी नाही, बाबा घरी नाही. ‘नको’ म्हणायला मात्र आत कुणीतरी असावं लागतं, ज्याला काही हवं असू शकतं. ज्याला ‘नको’ म्हणता येतं त्याच्या ‘हवं’लाही अर्थ येतो. आणि हाच शब्द आपण मुलांवर उलटा वापरतो. रडू नकोस. पळू नकोस. हात हलवू नकोस, कान झाकू नकोस, तेच तेच करू नकोस. मी एक दिवस मोजलं. सकाळपासून दुपारपर्यंत माझ्या तोंडून तिच्यासाठी बत्तीस वेळा ‘नकोस’ गेलं होतं. तिच्या आयुष्यात हा शब्द भरपूर होता, फक्त तो तिचा नव्हता.

ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्व’, त्यामुळे भाषांतर बरोबरच आहे. तरी हा शब्द मला पटत नाही. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात तीन मुली होत्या. तेव्हापासून बाहेरून बघणाऱ्यांनी या मुलांचं वर्णन आत बुडालेली, दार लावून बसलेली असं केलं. माझी लेक स्वतःत मग्न नव्हती. खोलीतला प्रत्येक आवाज, प्रत्येक बदललेली वस्तू, माझ्या पावलांतली घाई, सगळं तिच्यावर येऊन आदळत होतं. दार लावायची सोय तिच्याकडे नव्हती, हीच तर अडचण होती.

ताई भेटण्याआधी आम्ही एका केंद्रात जायचो. तिथे आठवड्याचे तास मोजले जायचे आणि जितके जास्त तितकं बरं असं सांगितलं जायचं. टेबलाशी खुर्ची, ‘हात खाली’, ‘माझ्याकडे बघ’, सूचना, उत्तर, बक्षीस, पुन्हा सूचना. ती रडली तरी सूचना पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही. तक्त्यावर टक्केवारी चढत होती. ‘कप दाखव’ला शंभर टक्के. घरी मात्र ती कप दाखवायची नाही, कारण तिच्या लेखी ‘कप’ म्हणजे त्या टेबलावरची, त्या बाईंच्या डाव्या हाताशी ठेवलेली ती एक वस्तू होती. काचेपलीकडे बसून मी ती टक्केवारी बघायचे आणि समाधान मानायचे. तिचं रडणं मला ऐकू येत होतं. ते शिकण्याचा भाग आहे असं मला सांगितलं होतं आणि मी ते मानलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तासांचा तो आग्रह कुठून आला, ते मी नंतर शोधलं. लॉस एंजेलिसमधले मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी 1987 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 19 लहान मुलांना आठवड्याला 40 तास, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ उपचार दिले. त्यातली 9 मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पूर्ण करू शकली आणि बुद्ध्यांकातही इतर मुलांच्या बरोबरीला आली. ही बातमी जगभरच्या आईवडिलांपर्यंत पोचली. कोणत्या मुलाला या गटात टाकायचं आणि कोणाला तुलनेच्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं नव्हतं, शिकवणारी माणसं उपलब्ध आहेत का यावर ठरलं होतं, हे मात्र तितकंसं पोचलं नाही. आणि त्या उपचारात मूल चुकीचं वागलं तर मोठ्यानं ओरडून ‘नो’ म्हणणं आणि क्वचित मांडीवर चापट मारणं बसत होतं, हेही. त्याआधी, 1960च्या दशकात, याच संशोधकांनी काही मुलांवर विजेचे झटकेही वापरले होते. हे वाचलं त्या रात्री मी झोपलेल्या लेकीच्या खोलीत जाऊन बसले.

आज बरेच थेरपिस्ट शिक्षा वापरत नाहीत. खेळातून, मुलाच्या मागे मागे जाऊन, त्याच्या आवडीतून शिकवणाऱ्या पद्धती आल्या आहेत. 2020 मध्ये लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या उपचारांचे 150 अहवाल एकत्र तपासले गेले. फक्त चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यास धरले, तेव्हा पुरावा उरला तो मुख्यतः अशा खेळाच्या आणि नात्याच्या अंगानं जाणाऱ्या पद्धतींच्या बाजूनं. टेबल-खुर्चीवाल्या जुन्या पद्धतीची बाजू लोकांना वाटत होती तितकी भक्कम निघाली नाही. मी संशोधक नाही, आई आहे. पण एका गोष्टीबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या मुलांवर लहानपणी असे उपचार झाले ती आता मोठी होऊन स्वतः बोलतायत, लिहितायत. त्यांच्यातली बरीच जणं सांगतात की आम्हाला सगळ्यात नीट शिकवलं गेलं ते ऐकणं. मोठ्या माणसानं हात धरला की धरू द्यायचा, अंग हलवलं की हलवू द्यायचं. बोलता न येणाऱ्या मुलीला हे शिकवणं किती धोक्याचं आहे, ते मुलीच्या आईला वेगळं समजावायला नको. थेरपी शोधणारे पालक मला विचारतात, काय बघायचं? मी सांगते, मूल ‘पुरे’ म्हणालं तर ते तिथे काय करतात ते बघा. कशाही प्रकारे म्हणू दे, रडून, मान वळवून, खुर्चीतून घसरून. बाकीचं नंतर.

कार्ड घराबाहेर पडलं तेव्हा वेगळाच धडा मिळाला. तिच्या पहिल्या शाळेत आम्ही कार्डाची एक प्रत दिली, कसं वापरायचं ते लिहून दिलं. महिन्याभरात तिचं चावणं परत सुरू झालं. चौकशी केली तेव्हा कळलं की कार्ड कपाटात होतं. “ती सारखं देते हो, मग वर्ग कसा चालायचा?” असं उत्तर आलं. त्या शिक्षिकेची अडचण मला समजते. वर्गात तीस मुलं, मदतीला कुणी नाही, आणि आम्ही दिलेलं अर्ध्या पानाचं टिपण. पण एखाद्याची जीभ कपाटात ठेवावी तसं ते होतं. पुढच्या शाळेत ताई स्वतः दोन दिवस वर्गात बसल्या, शिक्षिकेबरोबर वेळापत्रक बघितलं, कोणत्या तासाला किती वेळा नकार आला तर काय करायचं ते दोघींनी मिळून ठरवलं. तिथे कार्ड चाललं. मुलाला आधार हवा म्हणतो तेव्हा त्याच्या भोवतीच्या मोठ्यांनाही तो मिळायला हवा, हे योजना आखणारे नेहमी विसरतात.

आमच्या घरातल्यांच्या बाबतीतही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं विकासात मागे पडणाऱ्या 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलंय, नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटींचं. ते शिकवायला मोठ्या तज्ज्ञाचीच गरज पडू नये अशी त्याची रचना आहे. खेळ, कपडे घालणं, आंघोळ, रोजच्याच गोष्टींतून मुलाशी जोडून घ्यायला ते शिकवतं. हे वाचताना मला तिची आजी आठवली. आंघोळीच्या वेळी पाणी ओतण्याआधी दर वेळी त्याच चालीत ‘एक, दोन, आणि आलं पाणी’ म्हणायची, आणि ‘आणि’वर थांबायची. लेक मान डोलावल्याशिवाय पुढे जायची नाही. आजीनं कुठलंही प्रशिक्षण घेतलं नव्हतं. पण आंघोळीला कार्ड द्यायची लेकीची गरज सगळ्यात आधी संपली ती आजीजवळ. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ शेजारची एक ताई लेकीजवळ बसायला लागली, तेव्हा तिच्या दादाला पहिल्यांदा माझ्याशी दोन तास सलग बोलता आलं. तो नऊ वर्षांचा होता. त्यानं विचारलं, “मलापण कार्ड आहे का?” त्यालाही करून दिलं.

नखांचं काय झालं? वर्ष लागलं. आधी नेलकटर खोलीत असणं, मग टेबलावर असणं, मग तो तिच्या हातात, मग बाहुलीच्या बोटाला, मग एक नख आणि कार्ड, आणि थांबणं. प्रत्येक वेळी थांबणं. आपण थांबवू शकतो हे पक्कं ठाऊक झाल्यावर ती थोडं थोडं सोसायला लागली. मी उलटं समजत होते. मला वाटायचं, नकार ऐकत राहिलं तर नखं कधीच कापली जाणार नाहीत.

पण दरवेळी थांबता येत नाही. ती पाच वर्षांची असताना रक्त तपासणं गरजेचं झालं. ताई म्हणाल्या, जिथे नकार मान्य करता येणार नाही तिथे निवड असल्याचं भासवायचं नाही. जे खरंच तिच्या हातात आहे तेवढंच विचारायचं: कुठला हात, कुणाच्या मांडीवर. तीन आठवडे आम्ही चित्रांच्या पट्टीवर सराव केला. दंडाला पट्टा, थंड कापूस, दहापर्यंत आकडे, संपलं. सुन्न करणारं मलम तासभर आधी लावलं. सुई दिसली आणि तिनं खिशातून कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं.

मी ते घेतलं. “कळलं मला. तुला नको आहे. तरी आज करावं लागणार आहे. दहापर्यंत.” ती माझ्या हाताला चावली, स्वतःच्या नाही. आम्ही दहापर्यंत मोजलं आणि दहाला खरंच संपलं. त्यानंतर तीन दिवस तिनं कार्डाला हात लावला नाही. ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. तिच्या एकुलत्या एका शब्दाची किंमत मी घालवली, असं वाटत राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या केसांत कंगवा घातला आणि मांडीवर काहीतरी टेकलं. कार्ड होतं. “नको. बरं,” मी म्हटलं आणि कंगवा एवढ्या झटक्यात ठेवला की तो खाली पडला.

आता ती अकरा वर्षांची आहे. टॅबलेटवर चित्रं आणि अक्षरं दाबून बोलते, यंत्राचा आवाज तिनंच निवडलाय. तोंडानं वीस-पंचवीस शब्द येतात, थकली की तेही जातात. हा लेख लिहायला घेण्याआधी मी तिला विचारलं होतं, नखांचं आणि कार्डाचं लिहू का? तिनं ‘हो’ दाबलं. काल लेख संपत आला तेव्हा मी ते जुनं कार्ड शोधून काढलं. कडा फाटल्यात, एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा आहेत. ते तिच्या हातात देऊन लेखासोबत एक फोटो काढावा असं मनात होतं, चेहरा न दाखवता, फक्त हात. मी मोबाइल वर धरला. तिनं टॅबलेटकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातलं कार्ड माझ्या हातात ठेवलं, मी मोबाइल खाली घेईपर्यंत थांबली, मग कार्ड परत घेतलं आणि आपल्या खणात ठेवून खण बंद केला.